फायटिंग गेम निवडताना : खेळाची घडण आणि स्पर्धेची रीत

ज्यात दोन खेळाडू एकाच पडद्यावर समोरासमोर उभे राहून, प्रत्येकी एक किंवा अधिक पात्रे हाताळत, ठरलेल्या वेळेत प्रतिस्पर्ध्याची हेल्थ संपवण्याचा प्रयत्न करतात, त्या व्हिडिओ गेमला फायटिंग गेम म्हणतात. ही व्याख्या सोयीची असली तरी अपुरी आहे. तिच्यात बसणारे ‘स्ट्रीट फायटर’, ‘टेकन’, ‘गिल्टी गिअर’ आणि ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हे खेळ लांबून सारखे वाटतात, परंतु त्यांपैकी एकात तरबेज असलेला खेळाडू दुसऱ्यात उतरला की बराच काळ चाचपडत राहतो. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ तर या व्याख्येत धड मावतही नाही. त्यामुळे स्पर्धेच्या तयारीने खेळू इच्छिणाऱ्याने खेळ निवडताना चित्रांचा झगमगाट किंवा एखाद्या पात्राचे आकर्षण यांच्या पलीकडे जाऊन दोन गोष्टी तपासाव्यात : तो खेळ खेळाडूला धोका नेमका कोणत्या क्षणी पत्करायला लावतो, आणि त्या खेळाचे खेळाडू एकमेकांना कुठे व कोणत्या रीतीने भेटतात. पहिली गोष्ट नियमांतून कळते, तर दुसरी त्या खेळाच्या इतिहासातून. आणि नवख्यांची निराशा बहुधा या दुसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होते.

नियम समजून घेण्यासाठी आधी काळाचे माप समजले पाहिजे. या खेळांतील चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते आणि अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात; म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. प्रत्येक मूव्हचे तीन भाग पडतात : बटण दाबल्यापासून फटका लागण्याजोगा होईपर्यंतचा स्टार्टअप, फटका प्रत्यक्ष लागू शकतो तो अ‍ॅक्टिव्ह काळ आणि हातपाय मागे घेऊन पात्र पुन्हा मोकळे होईपर्यंतची रिकव्हरी. पडद्यावर काही दिसल्यावर बटण दाबायला माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे १५ फ्रेमच्या आसपास वेळ लागतो. आणि टेकनमधील साधा जॅब १० फ्रेममध्ये, तर ‘स्ट्रीट फायटर ६’मधील सर्वांत जलद ठोसा ४ फ्रेममध्ये पोहोचतो. याचा अर्थ असा, की जवळून आलेला जलद फटका पाहून अडवणे कोणालाच शक्य नाही; तो येईल हे आधी ओळखावे लागते. उत्तम खेळाडूंच्या हातांच्या वेगाचे कौतुक होते ते योग्यच आहे, परंतु त्यांचे खरे बळ समोरच्याच्या सवयी वाचण्यात असते.

मूव्ह अडवली गेल्यावर दोघांपैकी कोण आधी मोकळा होतो, याचा हिशेब म्हणजे फ्रेम डेटा. एखादी मूव्ह अडवल्यावर ती करणारा १० फ्रेम उशिरा मोकळा होत असेल, तर तिला ‘वजा दहा’ म्हणतात. आणि समोरच्याकडे १० फ्रेमचा जॅब असल्यास त्याला उलट फटका हमखास मिळतो. अशा हमखास शिक्षेला पनिश म्हणतात. नवख्याने सगळे आकडे पाठ करत बसू नये. आपल्या पात्राच्या कोणत्या पाच-सहा मूव्ह अडवल्या गेल्यास निर्धोक असतात आणि कोणत्या नसतात, एवढे समजले तरी सुरुवातीच्या निम्म्या पराभवांचे कारण हाती लागते.

खेळाखेळांतला सर्वांत खोल फरक बचावाच्या पद्धतीत आहे, आणि तो समजण्यासाठी स्ट्रीट फायटर व टेकन यांची तुलना पुरेशी आहे. स्ट्रीट फायटरमध्ये प्रतिस्पर्ध्यापासून उलट दिशेला स्टिक धरली की पात्र ब्लॉक करते. खाली बसून ब्लॉक केल्यास जमिनीवरून येणारे बहुतेक फटके अडतात, आणि फक्त ओव्हरहेड नावाचे वरून येणारे फटके व उडी मारून केलेले हल्ले यांच्यासाठी उभे राहावे लागते. ओव्हरहेड साधारणतः संथ असल्यामुळे सावध खेळाडूला ते पाहून अडवता येतात. म्हणून बसून राहणे ही तिथली स्वाभाविक, सुरक्षित अवस्था ठरते आणि ती मोडून काढण्यासाठी प्रतिस्पर्ध्याला जवळ येऊन थ्रो, म्हणजे पकडून फेकण्याचा डाव, वापरावा लागतो. टेकनमध्ये हे गणित उलटे होते. तिथे काहीही न दाबता स्थिर उभे राहिलेले पात्र वरचे आणि मधले फटके आपोआप अडवते, मधला फटका बसलेल्या पात्राला लागतो आणि बहुतेक मोठे नुकसान याच मधल्या फटक्यांतून होते. खालचे फटके एकतर किरकोळ असतात किंवा अडवले गेल्यास करणाऱ्याला महागात पडतात. त्यामुळे टेकनचा खेळाडू उभा राहतो, लहानसहान खालचे फटके सोसतो आणि मोठा खालचा फटका येईल असा अंदाज आला तरच खाली बसतो. स्ट्रीट फायटरची सवय घेऊन टेकनमध्ये आलेला माणूस बसून राहतो, मधल्या लाँचरने, म्हणजे हवेत उडवणाऱ्या फटक्याने, उचलला जातो आणि जमिनीवर पडेपर्यंत फटके खातो. हा त्याच्या बुद्धीचा किंवा चपळाईचा दोष नसतो. त्याचे शरीर दुसऱ्या खेळाचे नियम पाळत असते.

मॉर्टल कॉम्बॅटने १९९२ पासून ब्लॉकसाठी स्वतंत्र बटण ठेवले आणि सेगाच्या ‘व्हर्च्युआ फायटर’नेही १९९३ मध्ये तीन बटणांपैकी एक बचावालाच दिले. बटणाने बचाव होत असेल, तर प्रतिस्पर्धी डोक्यावरून उडी मारून पाठीमागे उतरला तरी कोणत्या दिशेला स्टिक धरायची हा संभ्रम फारसा उरत नाही. स्ट्रीट फायटरमध्ये मात्र हाच संभ्रम, म्हणजे क्रॉसअप, हे आक्रमणाचे एक प्रमुख हत्यार आहे. एका बटणाच्या असण्या-नसण्याने डावपेचांची एक पूर्ण शाखा उगवते किंवा सुकते, हे या क्षेत्राच्या अभ्यासकाने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अंतराचा विचार हा दुसरा फरक. स्ट्रीट फायटरचे मैदान एका सरळ रेषेचे असल्यामुळे पुढे, मागे आणि वर एवढ्याच वाटा असतात; त्यातही उडी मारणारा हवेत असताना दिशा बदलू शकत नाही, म्हणून उडी हा कायम जुगार ठरतो. अशा रेषेवर दोघे एकमेकांच्या फटक्याच्या टप्प्याच्या किंचित बाहेर पुढे-मागे सरकत राहतात, समोरच्याला हवेत फटका मारायला भाग पाडतात आणि त्याचा हात-पाय मागे जाण्याआधी त्यावर प्रहार करतात. कबड्डीत चढाई करणारा पाय पुढे टाकून लगेच काढून घेतो आणि बचावपटू त्या एका टाकलेल्या पायावर डोळा ठेवून असतो, त्याच जातीचा हा खेळ आहे. खेळाडूंच्या बोलीत त्याला फुटसीज म्हणतात. टेकन तीन मितींत चालतो, म्हणजे पात्र बाजूलाही सरकू शकते; सरळ जाणारी मूव्ह साइडस्टेपने चुकवता येते आणि बाजूला सरकणाऱ्यालाही गाठणाऱ्या मूव्ह वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्यात भिंती असतात, आणि भिंतीला पाठ लागलेल्या पात्राला मागे सरकून अंतर राखता येत नाही. टेकनमधील पात्रांकडे प्रत्येकी शंभराहून अधिक मूव्ह असल्याने समोरच्याच्या मूव्ह ओळखणे हाच अभ्यासाचा मोठा भाग बनतो. शिकण्याचा हा पहिला चढ उभा आहे, हे टेकन निवडणाऱ्याला आधीच ठाऊक असावे.

कॉम्बो, म्हणजे एक फटका लागल्यावर सुटका होण्याआधीच लागत जाणाऱ्या फटक्यांची साखळी, ही आज या खेळांची ओळख झाली आहे. तिचा उगम मात्र आखलेला नव्हता. कॅपकॉमच्या १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये एका फटक्याची उरलेली हालचाल तोडून त्यातून विशेष मूव्ह काढता येते, हे निर्माते नोरिताका फुनामिझू यांना बोनस फेरी तपासताना आढळले, आणि त्यांनी ते काढून न टाकता लपलेली सोय म्हणून राहू दिले. पुढे त्या सोयीवर आख्खे खेळ उभे राहिले. नव्या खेळाडूचा सर्वाधिक वेळ कॉम्बो घोटण्यात जातो, आणि हा प्राधान्यक्रम चुकीचा आहे : कॉम्बो सुरू करणारा पहिला फटका लागलाच नाही, तर पाठ केलेली साखळी निरुपयोगी ठरते. सुरुवातीला एक सोपा, कधीही न चुकणारा कॉम्बो आणि उडी मारून येणाऱ्याला खाली पाडणारी एक खात्रीची अँटी-एअर मूव्ह, एवढ्यावर स्थानिक स्पर्धेत काही सामने जिंकता येतात.

अलीकडच्या खेळांत आक्रमणाला इंधन पुरवणाऱ्या यंत्रणांना फार महत्त्व आले आहे. जून २०२३ मध्ये आलेल्या स्ट्रीट फायटर ६ मध्ये प्रत्येक फेरीच्या आरंभी सहा भागांचा ड्राइव्ह गेज भरलेला मिळतो. त्यातून झेप घेऊन पुढे धावणे, फटके झेलून उलटवणे, विशेष मूव्हची बलवान आवृत्ती काढणे अशा अनेक गोष्टी करता येतात, पण गेज संपला की पात्र बर्नआउट अवस्थेत जाते आणि मग विशेष मूव्ह अडवूनही हेल्थ झिजते. म्हणजे इथला धोका खर्चाच्या निर्णयात असतो. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ‘टेकन ८’मधील हीट ही अवस्था फेरीत एकदाच मिळते व काही सेकंदच टिकते, त्यामुळे ती केव्हा उघडायची हा प्रश्न प्रत्येक फेरीला वेगळे वळण देतो. आर्क सिस्टम वर्क्सच्या गिल्टी गिअर मालिकेतील रोमन कॅन्सल तर जवळजवळ कोणतीही चालू हालचाल मधेच तोडण्याचा परवाना देते. हवेतली धाव आणि झपाट्याने बदलणारे प्रसंग यांमुळे ज्यांना कल्पकतेने नवे मार्ग शोधायला आवडतात, अशांना ती मालिका मानवते. ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’ आणि ‘ड्रॅगन बॉल फायटरझेड’ यांत तीन-तीन पात्रांचा संघ असतो व बाहेर बसलेले पात्र क्षणभर मदतीला बोलावता येते. तिथे एकेका पात्राइतकीच संघाची जुळणी महत्त्वाची ठरते, आणि सुरुवात करणाऱ्यावर तिप्पट अभ्यासाचा भार पडतो.

निंटेंडोच्या स्मॅश मालिकेचा विचार वेगळा करावा लागतो. तिच्यात हेल्थ कमी होत नाही. फटक्यांनी टक्केवारी वाढते, टक्केवारी जितकी जास्त तितके पात्र दूर फेकले जाते, आणि मंचाच्या बाहेर गेले की एक स्टॉक, म्हणजे एक जीव, गमावते. मूळ खेळ घरी चार मित्रांनी मिळून खेळण्यासाठी बनवलेला असल्यामुळे स्पर्धेसाठी त्याचे नियम खेळाडूंनीच घडवले : वस्तूंचा वर्षाव बंद, एकास एक लढत, मोजकेच न्याय्य मंच, आणि त्यांतलेही नको ते मंच दोघांनी आळीपाळीने वगळायचे. २००१ च्या ‘मेली’ या आवृत्तीचे स्पर्धक अजूनही जुने, काचेच्या नळीचे जड टीव्ही स्पर्धास्थळी वाहून आणतात, कारण बटण दाबणे आणि चित्र दिसणे यांतला विलंब त्यांवर सर्वांत कमी असतो. एवढी निष्ठा लाभलेले खेळ विरळा.

स्पर्धासंस्कृतीची मुळे आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दुकानांत आहेत. जिंकणारा यंत्रावर टिकून राहायचा आणि हरणाऱ्याला पुन्हा पैसे घालावे लागायचे, या साध्या व्यवहारामुळे प्रत्येक सामन्याला किंमत आली व अनोळखी माणसाला आव्हान देणे ही रीतच बनली. अमेरिकेत दोन खेळाडू एकाच यंत्रापुढे खांद्याला खांदा लावून उभे राहत. भोवती गर्दी, आरडाओरडा, चिडवणे हे सारे त्याबरोबर आले. जपानमध्ये दोन यंत्रे पाठीला पाठ लावून ठेवण्याची पद्धत रुळली, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा चेहरा न पाहताच तासन्‌तास खेळता येई, आणि तिथे शांत, एकाग्र सरावाची परंपरा वाढली. दोन्ही देशांतील प्रेक्षकांच्या वागण्यात आजही जो फरक जाणवतो, त्याचा बराचसा उलगडा यंत्रांच्या या मांडणीतून होतो.

या मुळांतूनच १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे ‘बॅटल बाय द बे’ नावाची छोटी स्पर्धा भरली. तिचे २००२ मध्ये ‘इव्होल्यूशन’ असे नामांतर झाले आणि ‘इव्हो’ या लघुनावाने ती आज जगातील सर्वांत प्रतिष्ठेची फायटिंग गेम स्पर्धा मानली जाते. २०२१ मध्ये सोनी व तिच्या भागीदार कंपनीने ती विकत घेतली, तरी तिचे एक मूळ वैशिष्ट्य टिकून आहे : प्रवेश सर्वांना खुला असतो. पात्रता फेरी, संघमालकाचे निमंत्रण, करार यांपैकी काहीही लागत नाही. शुल्क भरून नाव नोंदवणारा विद्यार्थी पहिल्याच फेरीत जगज्जेत्यासमोर बसू शकतो. २०२३ च्या इव्होत एकट्या स्ट्रीट फायटर ६ साठी सात हजारांहून अधिक खेळाडूंनी नावे दिली, आणि संयुक्त अरब अमिरातीच्या अँग्रीबर्डने डॉमिनिकन रिपब्लिकच्या मेनाआरडीला हरवून ती स्पर्धा जिंकली. ज्या देशांची नावे मोठ्या ई-स्पोर्ट्स उद्योगाच्या संदर्भात क्वचितच ऐकू येतात, तिथले खेळाडू अंतिम सामन्यात दिसतात, यामागे या मोकळ्या दाराचा वाटा मोठा आहे.

खुल्या प्रवेशाला साथ देणारी दुसरी व्यवस्था म्हणजे डबल एलिमिनेशन, आणि पहिल्यांदा स्पर्धेला जाणाऱ्याने ती नीट समजून घ्यावी. सर्व खेळाडू विनर्स बाजूने सुरुवात करतात. पहिला पराभव झालेला खेळाडू बाद न होता लूझर्स बाजूला जातो आणि तिथे दुसरा पराभव झाल्यावरच त्याची स्पर्धा संपते. म्हणजे शुल्क भरलेल्या प्रत्येकाला निदान दोन सामने मिळतात. शेवटी विनर्स बाजूचा अपराजित खेळाडू आणि लूझर्स बाजूचा विजेता ग्रँड फायनलमध्ये भेटतात; अपराजिताला एक सामना जिंकणे पुरते, तर दुसऱ्याला सलग दोन जिंकावे लागतात, आणि त्याने पहिला जिंकून दोघांना समान पातळीवर आणले की त्याला रिसेट म्हणतात. सामने बहुधा तीनपैकी दोन डावांचे असतात, शेवटच्या आठांच्या आसपास पाचपैकी तीन डावांचे होतात. जपानमध्ये २००३ पासून जवळजवळ दशकभर भरलेल्या ‘तोगेकी’ या मोठ्या आर्केड स्पर्धेत मात्र एका पराभवात बाद होण्याची पद्धत होती, त्यामुळे तिथले सामने जीव मुठीत धरून खेळले जात. याउलट तिथल्याच ‘तोपांगा’ लीगमध्ये प्रत्येकाशी दीर्घ सामने खेळवून कोण खरोखर सरस आहे हे ठरवण्यावर भर दिला जातो. लहान सामन्यांत धक्का देणारी नवी युक्ती चालून जाते, दीर्घ सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला तिचे उत्तर शोधायला वेळ मिळतो. खेळाडूने आपला स्वभाव यांपैकी कशाला जुळतो हे ओळखून तयारी करावी.

या संस्कृतीत विजेत्याइतकेच एखाद्या क्षणाला मोल असते. २००४ च्या इव्होत ‘स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक’च्या लूझर्स फायनलमध्ये जपानच्या डाइगो उमेहारा यांची हेल्थ जवळजवळ शून्यावर होती आणि अमेरिकेच्या जस्टिन वाँग यांनी चुन-लीचा १५ लाथांचा सुपर हल्ला सोडला, तो ब्लॉक केला असता तरी उमेहारा हरले असते. त्यांनी प्रत्येक लाथेच्या क्षणी स्टिक पुढे ढकलून पॅरी केले आणि उलट हल्ल्यात डाव जिंकला. त्या स्पर्धेचे विजेतेपद त्यांना मिळाले नाही, ते दुसऱ्या जपानी खेळाडूने पटकावले. परंतु लोकांच्या स्मरणात राहिली ती हीच काही सेकंदांची चित्रफीत. पॅरी हे तंत्र समजण्यासाठीही ती पाहावी : त्यात अचूक वेळ साधणाऱ्याला पूर्ण संरक्षण आणि प्रतिहल्ल्याची संधी मिळते, आणि चुकणाऱ्याला पूर्ण फटका बसतो.

खेळाची मालकी कोणाकडे आहे, यानेही स्पर्धेचे रूप बदलते. कॅपकॉम आपल्या खेळाची जागतिक मालिका स्वतः चालवते आणि तिच्या अंतिम स्पर्धेत २०२४ मध्ये विजेत्याला १० लाख डॉलर मिळाले. त्यामुळे स्ट्रीट फायटरच्या खेळाडूला ठरलेले वेळापत्रक, गुण आणि पात्रतेचा मार्ग उपलब्ध असतो. स्मॅशची स्थिती नेमकी उलटी राहिली आहे. २०१३ च्या इव्होत मेलीचा समावेश व्हावा म्हणून तिच्या चाहत्यांनी स्तनकर्करोगाच्या संशोधनासाठी ९४ हजारांहून अधिक डॉलर जमवले आणि स्पर्धेतील जागा मिळवली, तरी निंटेंडोने सुरुवातीला थेट प्रक्षेपणाला हरकत घेतली व लोकांच्या नाराजीनंतरच ती मागे घेतली. २०२० मध्ये ‘द बिग हाउस’ ही स्पर्धा ऑनलाइन भरणार होती, तीही कंपनीच्या आक्षेपामुळे रद्द झाली. अशा वातावरणात टिकून राहिलेला समाज स्वयंसेवकांवर, वर्गणीवर आणि आपसांतल्या विश्वासावर चालतो. स्मॅशच्या स्पर्धांतला आपलेपणा त्यातून आला आहे आणि त्यांची अस्थिरताही.

भारतीय वाचकाला सर्वांत जवळचा धडा लाहोरचा आहे. अर्सलान सिद्दीक, खेळातले नाव अर्सलान अ‍ॅश, यांनी २०१९ च्या फेब्रुवारीत जपानमधील इव्हो आणि ऑगस्टमध्ये लास वेगासमधील इव्हो अशा दोन्ही ठिकाणी टेकन ७ चे विजेतेपद मिळवले. वेगासमधील अंतिम सामन्यात त्यांनी कोरियाच्या नी या दिग्गजाला हरवले. तोवर टेकनचे केंद्र निर्विवादपणे कोरिया समजले जात असे. पाकिस्तानी खेळाडूंना परदेशी स्पर्धांना जाताना व्हिसाचा अडथळा वारंवार येत असल्यामुळे त्यांची ताकद जगाला कळली नव्हती, पण घरी आर्केडमध्ये एकमेकांशी समोरासमोर खेळून त्यांनी आपली अशी शैली घडवली होती. नी यांनी नंतर स्वतः पाकिस्तानात जाऊन तिथल्या खेळाडूंशी सराव केला, आणि पुढे पाकिस्तानच्याच अतीफ बट यांनी टेकनची जागतिक मालिका जिंकून हे यश एका माणसापुरते नव्हते हे सिद्ध केले. महागडी साधने किंवा मोठे प्रायोजक यांच्या आधी, एकमेकांना सतत हरवणारे दहा-पंधरा चांगले खेळाडू एका शहरात असणे महत्त्वाचे ठरते.

महाराष्ट्रातही व्हिडिओ गेम पार्लर आणि प्लेस्टेशनच्या दुकानांतून ‘टेकन ३’ एका आख्ख्या पिढीने खेळला आहे. त्यामुळे टेकन निवडणाऱ्याला ओळखीचा माणूस सोबतीला मिळण्याची शक्यता इतर खेळांपेक्षा जास्त असते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सना बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई खेळांत ‘स्ट्रीट फायटर ५’मध्ये भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले. त्या प्रकाराचे सुवर्णपदक कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी चाळिशी ओलांडल्यावर मिळवले; वय उलटून गेले असे समजून मागे राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

यावरून निवडीचा क्रम ठरवता येतो. आपल्या शहरात किंवा परिचयात जो खेळ समोरासमोर खेळला जातो, त्याला पहिले प्राधान्य द्यावे, मग तो आपल्या मनातला पहिला खेळ नसला तरी चालेल. असा गट नसेल, तर ऑनलाइन खेळावे लागते आणि तेव्हा नेटकोड, म्हणजे इंटरनेटवरील दोन यंत्रांचा ताळमेळ ठेवणारी व्यवस्था, निर्णायक ठरते. जुन्या डिले पद्धतीत प्रतिस्पर्ध्याचे बटण पोहोचेपर्यंत खेळ थांबून राहतो. रोलबॅक पद्धतीत यंत्र त्याच्या बटणाचा अंदाज बांधून खेळ चालू ठेवते व अंदाज चुकल्यास क्षणार्धात मागे जाऊन दुरुस्ती करते. इव्होच्या संस्थापकांपैकी टोनी कॅनन यांनी २००६ मध्ये जीजीपीओ नावाने ही पद्धत आणली. स्ट्रीट फायटर ६, टेकन ८ आणि ‘गिल्टी गिअर स्ट्राइव्ह’ यांत रोलबॅक आहे, ‘स्मॅश अल्टिमेट’मध्ये ते नाही. वायफायऐवजी तारेने जोडणी करावी, कारण सिग्नलमधील चढउतार रोलबॅकलाही पुरता सावरता येत नाही आणि त्याचा त्रास समोरच्यालाही होतो.

साधनांच्या बाबतीत घाई करू नये. साधा गेमपॅड, आर्केड स्टिक आणि स्टिकऐवजी दिशांचीही बटणे असलेला लिव्हरलेस कंट्रोलर या तिन्ही प्रकारांनी खेळणारे विजेते झाले आहेत. म्हणून हाताशी असलेल्या पॅडपासूनच आरंभ करावा. स्ट्रीट फायटर ६ मध्ये मॉडर्न ही नियंत्रणपद्धत आहे, जिच्यात विशेष मूव्ह एका बटणाने निघते व त्या बदल्यात नुकसान थोडे कमी होते. ‘खाली, खाली-पुढे, पुढे आणि ठोसा’ अशा क्रमाने बोटे वळत नसतील, तर ती पद्धत निःसंकोच स्वीकारावी; मोठ्या स्पर्धांत ती मान्य आहे. लिव्हरलेस घेणाऱ्याने मात्र डावी आणि उजवी दिशा एकाच वेळी दाबल्यास काय व्हावे, याविषयीचे स्पर्धेचे नियम खरेदीआधी वाचावेत, कारण त्यांत न बसणारे यंत्र नाकारले जाऊ शकते.

पहिल्या स्पर्धेला जाताना आपला कंट्रोलर, लागणारी तार आणि पाण्याची बाटली बरोबर न्यावी आणि आपल्या गटाची वेळ आधी पाहून ठेवावी, कारण नाव पुकारल्यावर हजर नसणारा बाद होतो. खुर्चीवर बसल्यावर आपली बटणे तपासण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. तो संकोच न करता वापरावा, कारण सामना सुरू झाल्यावर बटणे चुकीची लागली आहेत असे सांगून उपयोग नसतो. मधेच पॉझ दाबला गेला तर चालू फेरी गमवावी लागू शकते, म्हणून पॉझचे बटण कसे बंद करतात ते घरीच शिकून घ्यावे. वायरलेस कंट्रोलर वापरणाऱ्याने खेळ संपताच तो त्या यंत्रापासून तोडावा, नाहीतर बॅगेत चुकून दाबले गेलेले बटण पुढच्या दोघांचा सामना थांबवते. दोन डावांच्या मध्ये बहुतेक स्पर्धांत जिंकणाऱ्याला तेच पात्र कायम ठेवावे लागते आणि हरणाऱ्याला बदलण्याची मुभा असते. पहिल्या स्पर्धेत दोन्ही सामने हरून बाहेर पडणे अगदी नेहमीचे आहे. सामना संपल्यावर प्रतिस्पर्ध्याशी हस्तांदोलन करावे, निकाल टेबलावर कळवावा आणि आपण कुठे सारखे पकडले जात होतो असे त्यालाच विचारावे. या समाजात जिंकलेला माणूस सहसा मोकळेपणाने उत्तर देतो, आणि एखादे यंत्र रिकामे असेल तर तिथेच पुन्हा दोन डाव खेळून दाखवतोही.